थोरले आधी सुटतात

शनिवारची दुपार, साडेतीन. जानेवारी असला तरी ऊन चांगलंच तापलंय. कॉलेजच्या फाटकासमोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत जातो. त्याच्या टेपवरचं गाणं आधी येतं, धूळ नंतर. धूळ बसली की फाटकावरचा कापडी फलक वाचता येतो. आजी-माजी विद्यार्थी दौड, ५ किलोमीटर, रविवार पहाटे. फलकाची डावी दोरी सैल सुटलीय. पन्नाशीचे एक गृहस्थ गाडी तशीच चालू ठेवून खाली उतरतात, दोरी ओढून गाठ मारतात, दोन पावलं मागं सरून फलक सरळ झाला का बघतात आणि मगच गाडी आत घेतात. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

कोल्हापुरातलं हे जुनं कॉलेज. काळ्या दगडाची इमारत, वर कौलं, पुढं चिंचेच्या दोन रांगा. चिंचांखाली आज गाड्या लागल्यात. एमएच ०९ तर आहेतच, त्यांच्यामध्ये एमएच १२, एमएच ०४ आणि एक केए २२. बेळगावची गाडी उघडीच आहे. मागच्या सीटवर पाय बाहेर सोडून एक बाई बूट बदलतायत. प्रवासातल्या चपला काढून पळायचे बूट. शर्यत उद्या आहे, पण त्यांना आजच मैदानावर पाय टाकून बघायचाय.

जिमखान्याच्या व्हरांड्यात तीन टेबलं मांडलीत. पहिल्यावर ‘१९९० पर्यंत’, दुसऱ्यावर ‘१९९१ ते २०१०’, तिसऱ्यावर ‘२०११ पासून पुढे’. तिसऱ्या टेबलाची रांग सरसर सरकते. मोबाइल पुढं करायचा, पाकीट घ्यायचं, निघायचं. पहिल्या टेबलाची रांग जागची हलत नाही. तिथं प्रत्येकाला कुणी ना कुणी भेटतंय.

‘काय रं, वळखलास का?’

‘आवाजावरनं वळखलो. तोंडावरनं न्हाई.’

‘उद्या पळणार का बघणार?’

‘पळणार! बघायला आलो असतो तर घरातनंच फोनवर बघितलं असतं की.’

दोघं एकमेकांच्या पोटाकडे बघतात, बोलत मात्र नाहीत. मागचे लोक पुढं चला म्हणत नाहीत, कारण तेही असंच काहीतरी बोलतायत. टेबलामागं बसलेला मुलगा एफवायचा असावा. त्यानं हातातलं पाकीट तीनदा पुढं केलंय आणि तीनदा मागं घेतलंय. चौथ्यांदा तो उठून ते काकांच्या खिशातच सरकवतो.

पाकिटात एक टी-शर्ट, चार सेफ्टी पिना आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद. ‘बिब घडी करू नका काका, मागं चिप हाय.’ हे वाक्य तो मुलगा दुपारपासून म्हणतोय. मी एक बिब उलटा करून बघतो. पाठीवर स्पंजाची बोटभर लांब पट्टी आणि तिच्यावर चांदीच्या रंगाची बारीक नक्षी. ती नक्षी म्हणजे अँटेना, आणि तिच्या मध्यावर मोहरीपेक्षाही बारीक काळा ठिपका, तीच चिप. तिला सेल नसतो. अंतिम रेषेवर जो चटईवजा पट्टा अंथरतात, त्यातून रेडिओलहरी निघतात, त्यांच्याच जोरावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. बिब दुमडला, नक्षी तुटली, तर पळणारा पोचतो पण त्याची वेळ पोचत नाही. ही गोष्ट ऐकल्यावर पहिल्या टेबलासमोरचे सगळे आपापली पाकिटं छातीशी धरतात.

व्हरांड्याच्या शेवटी फळा आहे. खरा लाकडी फळा, वर्गातून उचलून आणलेला. गर्दी खरी तिथं आहे.

फळ्यावर उद्याच्या सुटण्याच्या वेळा खडूनं लिहिल्यात. सगळे एकदम सुटत नाहीत. साठीपुढच्या महिला ६:४५ ला. साठीपुढचे पुरुष ६:४९ ला. मग पंचेचाळीसपुढच्या महिला, मग त्याच वयाचे पुरुष, मग तरुण माजी विद्यार्थी. कॉलेजचा सध्याचा मुलींचा संघ ६:५७ ला. आणि सगळ्यात शेवटी, ७:०१ ला, मुलांचा संघ. थोरले आधी सुटतात, धाकटे मागून पाठलाग करतात. जो आधी पोचेल तो पहिला. मध्ये आणखी कसलाही हिशोब नाही.

कुणाला किती आधी सोडायचं हे ठरवण्यासाठी जगभर तक्ते वापरले जातात. पंचविशीतला माणूस पाच किलोमीटर वीस मिनिटांत पळत असेल, तर साठीत साडेचोवीस-पंचवीस मिनिटांत पळणारा ढोबळमानानं त्याच्याच तोलाचा, असं ते तक्ते सांगतात. कॅलिफोर्नियात डिप्सी नावाची डोंगरातली शर्यत १९०५ पासून आहे, तिथंही वय बघूनच आधी-नंतर सोडतात. ८ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेला गृहस्थ, दोघांनीही ती जिंकलेली आहे. इथल्या फळ्यावरचे आकडे मात्र कॉलेजच्याच गणिताच्या एका माजी विद्यार्थ्यानं बसवलेत. तो फळ्याशेजारी उभा आहे आणि चहूबाजूंनी वेढला गेलाय.

‘बायकांना आमच्यापेक्षा चार मिनिटं जास्त? एवढी सूट का?’

‘काका, तुमची सूट बघा की. पोरांपेक्षा बारा मिनिटं आधी सुटताय.’

‘बारा पुरत न्हाईत. त्यात चढ धरलाय का?’

‘धरलाय.’

‘दोन्ही वेळचा?’

‘दोन्ही वेळचा.’

काका मागं सरकतात, पण समाधान झालेलं नाही. ते बाजूच्याला हळू आवाजात सांगतात की आपला गुडघा धरला तर चौदा मिनिटं हवीत.

स्नेहमेळावे मी पुष्कळ पाहिलेत. तिथं खुर्च्या असतात, पहिल्या ओळीत कोण बसणार हे ठरलेलं असतं, श्रीफळ-शाल असते. नंतर जेवण, फोटो आणि पुढच्या वर्षी नक्की भेटू. माजी विद्यार्थी बोलतात, आजी विद्यार्थी पाणी वाटतात. इथं या फळ्यानं ती मांडणीच मोडलीय. एकवीस वर्षांच्या पोराला उद्या पासष्ट वर्षांच्या माणसाला गाठायचंय, मान राखून मागं थांबायचं नाही. आणि पासष्ट वर्षांच्या माणसाला खरोखर पळावं लागणार आहे. मला या शर्यतीतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

मैदानाकडे निघतो. वाटेत जिमखान्याच्या दुसऱ्या खोलीत पंखा फिरतोय आणि बाकांवर माणसं एक बाही वर करून बसलीत. रक्तदाबाची तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर इथल्याच, बारावीपर्यंत याच कॉलेजात शिकलेल्या. त्या यंत्राचा पट्टा गुंडाळता गुंडाळता ठरलेले प्रश्न विचारतात. चढ चढताना छातीत दाबल्यासारखं होतं का? कधी घेरी आली? घरात कुणाला कमी वयात हृदयाचा झटका? रात्री झोप झाली का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. रात्रभर गाडी चालवून आलेले आहेत.

एका धिप्पाड माणसाचा आकडा वर जातो. पाच मिनिटं बसायला सांगून पुन्हा घेतात. आकडा तिथंच.

‘उद्या तुम्ही चालायचं. पळायचं नाही.’

‘मॅडम, मी ९२ च्या बॅचचा शंभर मीटरचा पहिला हाय.’

‘म्हणूनच सांगतेय.’

खोलीत हशा होतो, पण डॉक्टर हसत नाहीत. त्याच्या बिबवर त्या लाल टिकली चिकटवतात. लाल टिकलीवाले सगळ्यांत शेवटी, सव्वासातला, चालत निघणार. तो बाहेर येऊन कठड्यावर बसतो, टिकली नखानं उचकटायचा विचार करतो आणि पुन्हा दाबून बसवतो. बाकी सगळी गंमत असली तरी ही खोली गमतीची नाही. या रांगेत जो उभा राहिला नाही त्याला उद्या बिब लावू देत नाहीत, हा नियम ज्यानं केला त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

शंभर मीटरवाल्यांचं दुखणं खरंही आहे. वय वाढतं तसे स्नायूंतले झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी कमी होतात, दमानं काम करणारे बरेच टिकतात. म्हणून कॉलेजात वाऱ्यासारखा पळणारा माणूस पन्नाशीत पहिल्या दोनशे मीटरला पोटरी धरून बसतो. आणि तेव्हा क्रॉसकंट्रीत सतरावा येणारा, ज्याचं नाव कुणाच्या लक्षातही नाही, तो टुकूटुकू पळत त्याच्या पुढून निघून जातो. उद्याच्या यादीत असे सतरावे पुष्कळ आहेत. आज ते गप्प आहेत.

मैदान. चार वाजून गेलेत, ऊन तिरकं झालंय. मामा फक्की मारतायत. मामा म्हणजे मैदानाचे शिपाई. डोक्याला टॉवेल, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हातात तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. दोरी ताणून धरायला दोन मुलं. मामा डबा हलवत उलटे चालतात आणि पांढरी रेघ त्यांच्या पावलांमागून उमटत जाते. रेघ कुठं जाड नाही, कुठं तुटक नाही. वळणावर दोरी खुंटीभोवती फिरते, तिथं ते जास्तच सावकाश होतात.

‘सरळ बाजू चौऱ्याऐंशी पॉइंट एकोणचाळीस,’ ते न विचारता सांगतात. ‘वळणाची त्रिज्या साडेछत्तीस. पण मोजायचं आतल्या कडेपासनं तीस सेंटिमीटर सोडून, तवा चारशे भरतंय.’

मी कागदावर मांडून बघतो. ८४.३९ दुप्पट, अधिक ३६.८० त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ. बरोबर ४०० येतात. मामा सातवी शिकलेत असं त्यांचं त्यांनीच सांगितलेलं आहे. हे आकडे त्यांना पीटीच्या जुन्या सरांनी दिले, आणि दरवर्षी पावसाळ्यात मैदान धुऊन निघालं की मामा ते पुन्हा जमिनीवर उतरवतात.

त्या रेघेच्या कडेनं माजी विद्यार्थी हिंडतायत. रेघेवर पाय पडू नये म्हणून लांब ढांग टाकतायत. बेळगावच्या बाईंनी एक फेरी पूर्ण केलीय. श्वास लागलाय, चेहरा लाल आहे, आणि त्या सारख्या चिंचेकडच्या वळणाकडे बघतायत. तिथं पूर्वी खड्डा होता, त्यात त्यांचा पाय मुरगळला होता, असं त्या शेजारणीला सांगतात. खड्डा कधीच बुजलाय. तरी दुसऱ्या फेरीतही त्या तिथं बाहेरून वळतात.

शर्यतीचा मार्ग असा. मैदानाबाहेरून कॉलेजच्या आवाराची २.३ किलोमीटरची फेरी, ती दोनदा. मग मैदानात शिरायचं आणि शेवटचे ४०० मीटर मामांच्या रेघेवरून. मी फेरी चालायला घेतो. माझ्यापुढं तिघंजण मोजणीचं चाक ढकलत चाललेत. काठीला लावलेलं चाक, दर मीटरला टक्. तिघांत वाद पेटलाय. एकाचं म्हणणं, अंतर पाच किलोमीटरपेक्षा पाच मीटर जास्त भरतंय. दुसऱ्याचं म्हणणं, तसंच भरायला पाहिजे. तो बरोबर आहे. रस्त्यावरच्या शर्यतीचा मार्ग मोजताना हजारात एक मीटर जास्तच धरायची रीत आहे, म्हणजे पुन्हा कुणी मोजला तरी कमी निघत नाही. पाच किलोमीटरला पाच मीटर.

‘मग माझी वेळ पाच मीटरनं वाढणार की.’

‘दोन सेकंदं वाढंल. त्यात तुझं काय जातंय?’

‘दोन सेकंदांतच मागच्या खेपेला गेलं सगळं.’

चाक थांबतं. तिघंही क्षणभर खरोखर गंभीर होतात.

वसतिगृहाच्या मागं रस्ता डावीकडे वळतो आणि चढ सुरू होतो. पाण्याच्या टाकीपर्यंत. गाडीतून जाताना हा चढ कळतही नाही. चालताना पोटरीला कळतो. पळताना, आणि तोही दुसऱ्या फेरीत, काय होईल ते टाकीच्या कठड्यावर बसलेल्या चौघांच्या तोंडावर दिसतंय. ते नुकतेच वर आलेत. एकाच्या टकलावरून घाम निथळतोय. टाकीपासून अख्खं आवार दिसतं. वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे, मेसचा धूर, पलीकडे उसाचे हिरवे पट्टे. वारा आला की कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोडसर वास येतो.

या चढाखालच्या सपाटीवर कॉलेजचा संघ सराव करतोय. सराव हलकाच आहे. उद्या शर्यत, म्हणून आज फक्त पाय मोकळे करणं. बारा-पंधरा मुलंमुली. उंच गुडघे, टाचा मागं, मग छोट्या छोट्या झेपा. पीटीच्या सरांची शिट्टी आखूड वाजते. मुलांचं लक्ष मात्र अर्धं चढाकडे आहे. कोण काका न थांबता वर गेले, कोण मध्येच कमरेवर हात ठेवून थांबले, याची टिपणी चाललीय. पाळत सरळसरळ ठेवलीय.

मुलींची कप्तान गगनबावड्याकडची. शाळा गावापासून लांब होती, एसटी चुकली की पळत जायचं, तिथून सुरुवात, असं ती सांगते. आता रोज पहाटे पळते. कशासाठी, तर भरतीसाठी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८००. त्यासोबत १०० मीटर आणि गोळाफेक. संघातल्या निम्म्याहून अधिक मुलांचं डोळ्यापुढचं अंतर तेच आहे. पदकापेक्षा ते जास्त जवळचं आणि जास्त गरजेचं आहे. तिच्या बुटांच्या टाचा बाहेरच्या अंगानं झिजून तिरक्या झाल्यात. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला, त्याला रबरी सोल्युशन लावून दाबून बसवलाय. अंगठ्याजवळ सोल्युशनचा पिवळा ओघळ वाळलाय.

माजी विद्यार्थ्यांनी उद्याच्या शर्यतीसाठी जी फी भरलीय, ती या बुटांसाठी आहे. बूट, खुराक आणि बाहेरगावच्या स्पर्धांचं भाडं. पावतीवर तसं छापलंय. व्हरांड्यात एक गृहस्थ ती पावती वाचून परत रांगेत आले आणि न पळणाऱ्या आपल्या तीन मित्रांची फी भरून गेले, हे मी येताना पाहिलं होतं. त्या मित्रांना अजून ते माहीत नसावं.

‘तुमी कितीत पळता काकू?’ कप्तान विचारते.

काकू म्हणजे ८४ च्या बॅचच्या, उद्या ६:४५ ला सुटणाऱ्या पहिल्या गटातल्या. निळा ट्रॅकसूट, पांढरे केस घट्ट बांधलेले, कपाळावर टिकली. टाकीच्या चढावरून त्या आत्ताच खाली उतरल्यात. श्वास शांत.

‘बत्तीस मिनिटं लागतात बाई मला. एखाद वेळी थोडं कमी.’

कप्तान बोटांवर हिशोब करते. सहा पंचेचाळीस आणि बत्तीस, सात सतरा. स्वतःची वेळ ती साडेवीस सांगते. सहा सत्तावन्न आणि साडेवीस, सात साडेसतरा. ती मान वर करते. काकूही तेवढ्यात तिथंच पोचलेल्या असतात. दोघींची नजर भिडते आणि दोघीही हसतात.

काकू इथं शिकत होत्या तेव्हा मुलींसाठी पाच हजार मीटरची शर्यतच नव्हती. कॉलेजातच कशाला, ऑलिंपिकमध्येही नव्हती. महिलांची मॅरेथॉन १९८४ साली लॉस एंजेलिसला पहिल्यांदा आली आणि महिलांचे ५००० मीटर १९९६ साली. ‘आमाला दोनशे, चारशे, लई झालं तर आठशे. त्याच्यापुढं मुलींना झेपत न्हाई म्हणायचे,’ काकू सांगतात. सांगताना राग नाही. त्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पळायला लागल्या, आणि आता आठवड्यातून एकदा भल्या पहाटे पन्हाळ्याच्या चढावर जातात. कप्तान हे ऐकते, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आवळतं. पन्हाळ्याचा चढ तिला माहीत आहे.

पाच वाजून गेलेत. मेसच्या मागच्या दारी मोठी पातेली निघालीत. उद्याचे पोहे. आज फक्त निवडणं, चिरणं. पोतंभर कांदे, बायका अर्धगोल बसलेल्या, डोळ्यांना पदर. केळ्यांचे घड भिंतीला उभे. सरबतासाठी लिंबांचं एक घमेलं. गुळाची ढेप सुरीनं फोडून खडे परातीत पडतायत. हा कोल्हापूरचा गूळ, कामाच्या मध्येच एक खडा तोंडात टाकल्याशिवाय कुणी राहत नाही. शर्यतीनंतर प्रत्येकाला गूळ-शेंगदाणे, केळं, सरबत आणि मग पोहे. मिसळीची मागणी झाली होती. ती दहा वाजता, आणि बाहेर आपापली.

मेसच्या दाराशी तालमीतला एक जुना पैलवान येऊन उभा आहे. कान सुजून बसलेले, मान खांद्यांत शिरलेली. हेही माजी विद्यार्थी. स्वतंत्र भारताला १९५२ साली हेलसिंकीत पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा मल्ल याच शहरात शिकला, त्यामुळे इथं कुठल्याही खेळाची गोष्ट निघाली तरी दोन मिनिटांत कुस्तीवर येते. पैलवानांचा ठाम सल्ला असा की रात्री गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यावं आणि झोपावं. दोन गाड्या भरून माणसं निघायच्या तयारीतच आहेत. तेवढ्यात डॉक्टर मागून येतात.

‘शर्यतीच्या आदल्या रात्री नवीन काही खायचं-प्यायचं नाही. जे रोज पचतं तेच.’

‘मॅडम, आमाला हे रोजचंच हाय.’

‘तुम्हाला असेल. ठाण्याहून आलेत त्यांना आहे का?’

ठाण्याचे दोघं गाडीतून उतरतात. बाकीचे जातात. पैलवान त्यांच्या पाठीवर थाप मारून उद्या शर्यतीनंतर न्यायचं कबूल करतात. ती थाप बसल्यावर एकजण दोन पावलं पुढं जातो.

सूर्य चिंचांमागं गेलाय. हवा एकदम गार होते. पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांवर येईल. पहिला गट सुटेल तेव्हा नुसतं उजाडलेलं असेल. सूर्य सातनंतर वर येईल, तेव्हा थोरले पहिली फेरी संपवत असतील आणि मुलांचा संघ नुकताच सुटलेला असेल. मैदानावर लोक घोळक्यांनी उभे राहून हाच हिशोब करतायत. कोण कुठं गाठला जाईल. काकांचा एक गट म्हणतो, टाकीच्या दुसऱ्या चढावर. मुलं म्हणतात, त्याच्याही आधी. लाल टिकलीवाला कठड्यावरून उठून आलाय आणि आता सगळ्यांना फुकट सल्ले देतोय. पहिल्या हजार मीटरला हात आखडते घ्या. चढावर पावलं लहान करा, मान खाली नको. सल्ले चांगले आहेत.

मीही माझा अंदाज बांधलाय. मुलं १६०० मीटरला तयार झालेली आहेत. पुढं गर्दी दिसली की ती पहिलाच किलोमीटर भरतीच्या वेगानं काढतील आणि दुसऱ्या चढावर त्याची किंमत मोजतील. साठीपुढचे पुरुष एकमेकांवरच डोळा ठेवून पळतील, त्यामुळे मागं कोण आलं ते त्यांना कळणार नाही. लक्ष ठेवायचं ते दोन बिबांवर, निळ्या ट्रॅकसूटवाल्या काकूंच्या आणि गगनबावड्याच्या पोरीच्या. दोघी मैदानात शिरतील तेव्हा मध्ये शंभर मीटरचं अंतर असेल, आणि मामांच्या रेघेवरचे चारशे मीटर उरलेले असतील. माझ्या मते चिंचेच्या वळणापर्यंत काकू पुढं असतील. सरळ बाजूला लागल्यावर काय होईल ते मला आत्ता सांगता येत नाही, म्हणून मी पहाटे सहालाच वळणापाशी जागा धरणार आहे.

हा अंदाज मी पीटीच्या सरांना ऐकवतो. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत ऐकून घेतात आणि कप्तानला हाक मारतात.

‘ऐकलंस का? हे म्हणतात वळणापर्यंत काकू पुढं.’

‘वळणापर्यंत असू देत की सर,’ ती बुटाची नाडी ओढत म्हणते. ‘त्याच्यापुढं चौऱ्याऐंशी मीटर सरळ हाय. मामांना विचारा.’